एक रिंग शिंजीर, दोन रिंगा पतंग

आत्याच्या नंबरवरून आलेल्या फोनची तिसरी रिंग वाजली तेव्हाच मला कळलं. आत्या दोन रिंगांच्या पुढे कधी जायची नाही. हिंजवडीतल्या ऑफिसात माझ्या आजूबाजूला सगळे बोलत होते. फोन उचलला तर पलीकडे काका होते, आत्याचे यजमान... ती गेली त्याला महिना होऊन गेला. अजून मी तिच्याबद्दल कोणाशी नीट बोललेले नाही.

लहानपणी विश्रांतवाडीत, तिच्या बाल्कनीतल्या एक्झोराच्या फुलांवर भिरभिरणारं काहीतरी पाहून मी "हमिंगबर्ड" म्हणाले होते. आत्या शाळेत शिक्षिका होती, आवाज शेजारच्या वर्गात जाईल असा. "आपल्याकडे हमिंगबर्ड नसतो गं. तुमच्या इंग्रजी पुस्तकात असेल. हा पतंग आहे, फुलपाखराच्या जातीतला, दिवसा उडणारा." मग तिने फरक दाखवला. आपल्याकडे फुलातला मध पिणारा पक्षी म्हणजे शिंजीर. तो फांदीवर बसतो, बाकदार चोच फुलात घालतो आणि पिऊन झालं की सगळ्या सोसायटीला ओरडून सांगतो. पतंग हवेतच थांबतो, लांब सोंडेने पितो, गेलेला कळतही नाही. "तू यातली," ती म्हणाली. "येतेस, उभ्या उभ्या चहा पितेस, जातेस. येऊन गेलीस याला पुरावा काय, तर उष्टा कप."

"आणि तू?"

"मी शिंजीर. विचार काकांना."

आतून काका म्हणाले, "विचारायचं कशाला? ऐकू येतंय."

पुढे तिला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. फोनवर बोलणं संपलं, तेव्हा तिने मिस्ड कॉलची पद्धत काढली. बाल्कनीत शिंजीर आला की एक रिंग, पतंग आला की दोन. मीटिंगमध्ये फोन थरथरून थांबायचा आणि मला वाटायचं, आहे ती. माझ्यासाठी तिचं तेवढंच उरलं होतं. भेटायला गेले की आम्ही दोघी गप्प बसायचो. इतकी वर्षं दोघींच्या वाटचं ती एकटीच बोलत आली होती. आता तिला बोलता येत नव्हतं आणि मला सुचत नव्हतं...

गेल्या रविवारी काकांकडे गेले. कबुतरांनी वैताग आणला म्हणून त्यांनी बाल्कनीला जाळी लावून घेतली आहे. शिंजीर बाहेर वायरवर बसून ओरडतो, आत येत नाही. पतंग भोकातून सहज येतो. मी तिथे उभी असताना एक आला, एक्झोराच्या फुलापुढे हवेत थांबला.

"काय आलंय गं?" काकांनी आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.