म्हशीची खुंटी आन् तंबू

माझ्या नातीला पाण्यावर शिडाची फळी चालवायचा नाद. दौंडच्या पुढं धरणाच्या पाण्यावर वारा चांगला लागतो, म्हणून काठाला तंबू ठोकून एक रात राहायचं तिनं ठरवलं. बाप म्हणाला, एकटी जायचं न्हाई. मग सोबतीला मी. सत्तरीत मला कोण कुठं नेतंय? लगेच पिशवी भरली.

पण काठाला नुसता मऊ गाळ. खिळे ठोकावेत आन् वाऱ्यानं तंबूसकट उपटावेत, असं तीनदा झालं. पोरगी रडकुंडीला आली. "आजी, चल घरी. उद्या सकाळचा वारा गेला माझा."

"थांब गं," म्हटलं. लांबट दगड हुडकले, मधोमध तंबूची दोरी बांधली, हातभर खड्ड्यात आडवे पुरले आन् वरून तुडवले. सासरी न्हावरे गावच्या मळ्यात पाटाकडंची माती अशीच भुसभुशीत. तिथं सासूबाई म्हशीचं दावं असंच पुरायला लावायच्या. सैल लागलं की पुन्हा उकरायला लावायच्या. तवा मी त्यांना मनातल्या मनात लई बोलायची.

नात हसली. "आजी, तंबू आहे हा, म्हैस नाही!"

"वढतो तर म्हशीवानीच की!"

रातभर वारा सुटला, तंबू जागचा हलला न्हाई. सकाळी मी चहा घेऊन काठाला बसले. नात शीड ताणून पार मधोमध गेली आन् तिथनं तिनं मला हात केला. मीबी केला. मनात म्हटलं, सासूबाई, हा हात तुमालाबी हाय बरं का.