रविवारी शाळेचा पत्ता विचारणारे काका

मंडळी, आज माझ्या बाबांचा एवढा अभिमान वाटला की लिहिल्याशिवाय राहवेना.

संध्याकाळी धरमपेठेत टपरीवर आम्ही चहा पीत होतो. कुहीहून आलेल्या एका काकांनी टपरीवाल्याला हळूच विचारलं, “इथली शाळा कुठं हाय?”

रविवारी शाळा बंद. तिथे फक्त दारू सोडणाऱ्यांची मिटिंग भरते.

नातेवाइकांना “भजनाले जातो” सांगणारे माझे बाबा सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, “मी तिथंच जाऊन राहिलो भाऊ, दारू सोडाच्या मिटिंगले. चला, संगंच जाऊ.”

थोडं पुढे गेल्यावर बाबा त्यांच्या कानाशी म्हणाले, “पहिल्या दिवशी मी बी शाळाच विचारली होती.”

काका हसले. मागून चालताना माझेच डोळे भरले.

रविवारी कुणी तुम्हाला बंद शाळेचा पत्ता विचारला, तर सोबत जाल ना?