इमामबीच्या हंसांचे पंख

मेंढरं कातरावीत तर धोंडीरामनं, असं नेकनूरच्या आसपास लोक म्हणायचे आणि धोंडीरामलाही ते पटलेलं होतं. दोन हजार तेराच्या दुष्काळात गावच्या दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली आणि पाण्याच्या हौदावर राखणीला त्यालाच ठेवलं.

छावणीला लागूनच इमामबीचं घर. नवरा वारल्यावर तिनं हंसांची एक जोडी पाळली होती. पांढरीशुभ्र, लांब मानेची. परका माणूस दिसला की आळी डोक्यावर घ्यायची. गावचं तळं आटलं तसे हंस भिंतीवरून फडफडत थेट हौदात उतरू लागले. घाण पाण्याला जनावरं तोंड लावेनात. टँकर तर चार-चार दिवस येत नसे. संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, "पंख कातरा, न्हाईतर इकून टाका."

धोंडीराम मेंढरांची कातर घेऊन इमामबीच्या अंगणात गेला. मागोमाग छावणीतली दहा-बारा माणसंही बघायला आली.

इमामबीनं मादी मांडीवर धरून तिचा पंख उलगडून दाखवला. "भाऊ, एकाच बाजूचा कातर. तेवढ्यानं तोल जातो, उडता येत न्हाई. आन् मादीला तर हात लावूच नको. नवी पिसं फुटलीत, दांडीत रगत हाय अजून. म्हैनाभर थांब, मी कोंडून ठेवते."

चार माणसांत बाईनं शिकवावं हे धोंडीरामला झोंबलं. "चाची, माझा जलम कातरण्यात गेला. पिसात कुटं रगत असतंय का?" असं म्हणून त्यानं पंख ओढला आणि कातर चालवली.

पिसाच्या दांडीतून रक्ताची धार लागली. मादी किंचाळली. इमामबीनं तुटकं पीस मुळापासून उपटलं, हळद दाबून धरली, तेव्हा कुठं रक्त थांबलं. मागं कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं धोंडीराम पेटला आणि त्यानं नराचे दोन्ही पंख पार बुडाशी छाटून टाकले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मोकाट कुत्री अंगणात शिरली. मादी घरात कोंडलेली होती. नर भिंतीकडे धावला, उड्या मारत राहिला, पण वर चढता येईना. धोंडीराम काठी घेऊन पळत गेला, तोवर सगळं संपलं होतं.

"कसं झालं हे?" सुंदररावांनी विचारलं.

"चाचीनं फाटक उघडं टाकलं असंल," धोंडीराम बोलून गेला.

फाटक त्यानंच उघडं टाकलं होतं, सकाळी विडीला विस्तू मागायला तिच्याकडं गेला होता तेव्हा. इमामबी तिथंच उभी होती. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि घरात गेली.

मादी दिवसभर नराला हाका मारायची. ते ऐकत बसणं धोंडीरामला असह्य झालं. छावणीत हिरवी जाळी नुसतीच पडली होती, ती त्यानं जनावरांसाठी एक कड उचलता येईल अशी हौदावर ताणून बांधली. तासाभराचं काम. हे आधी सुचलं असतं तर कातर लागलीच नसती, या विचारानं त्याला स्वतःचीच किळस आली.

संस्थेच्या बैठकीत तो उठून उभा राहिला. "फाटक मी उघडं टाकलतं. चाची एकाच बाजूचा कातर म्हणत व्हती तरी दोन्ही पंखबी मीच छाटले. आन् वर खोटं बोललो."

"एका पाखरापायी काय बे इतकं!" कोणीतरी म्हणालं.

बायकांच्या घोळक्यातून इमामबी बोलली, "पाखराचं ऱ्हाऊ दे. चार माणसांत माझ्यावर खोटा आळ घेतलास, त्याचं काय?"

 

पुढं कोणी कोंबडीचे पंख कातरायला बोलावलं की तो म्हणायचा, "मला येत न्हाई, इमामबीला इचारा." मग ती यायची. कोंबडी तो धरायचा, पंख ती कातरायची. 'घट धर,' 'आता सोड,' एवढंच बोलायची. आणखी काही बोलावं अशी अपेक्षा करायचा आपल्याला हक्क नाही, हे धोंडीराम ओळखून होता.