उजवा खिसा, डावा हात

पॅन्टच्या पुढच्या खिशात रिव्हॉल्वर ठेवणाऱ्यानं त्या खिशात दुसरं काहीही ठेवू नये. मला हे पेट्रोल पंपावर कळलं. गाडीची किल्ली काढायला हात घातला आणि किल्लीच्या कडीत अडकून दस्त्याचं टोक खिशाबाहेर डोकावलं. पाइप धरलेला माणूस बघतच राहिला. मी म्हणालो, "मीटर बघ, मीटर."

तेव्हापासून किल्ली, रुमाल, तंबाखू, सगळं डावीकडं. मिरजेत चामड्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून मी रिव्हॉल्वरसाठी खिशात बसेल असं पाकीट शिवून घेतलं. पुढच्या अंगाला सपाट तुकडा लावला, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला मोठा मोबाइल वाटावा. उभं राहिलं की ते नीट बसायचं. गाडीत बसलं की जांघेत रुतायचं आणि ते तिथं आहे हे विसरू द्यायचं नाही.

बायकोला रिव्हॉल्वरच नको होतं. ती एकदाच बोलली. "आवं, तुमचा राग नाकावर. आजवर रागात हाताला येईल ते फेकलंसा. तांब्या फेकलासा, मोबाइल फेकलासा. आता हात खिशात गेला तर काय करशीला?"

"मी काय येडा हाय?"

"शान्या माणसाला ह्ये इचारावंच लागत न्हाई," असं म्हणून ती आत गेली.

मी बैलांचा व्यापारी. बाप इस्लामपुरात दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढायचा. मी त्याच गोठ्याच्या दारात उभा राहून बैल पारखायला शिकलो, आणि पुढं तोच गोठा विकत घेतला. कुणी बोट धरून काही दिलं नाही. दिलं असेल तर एकानंच, माझ्या भागीदारानं. आम्ही दोघांनी सातारा-सांगलीतला एक बाजार सोडला नाही. एका ताटात जेवलो. बैलगाडी शर्यती परत सुरू झाल्या आणि चांगल्या खोंडाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा आमच्यासारखी जोडी दुसरी नव्हती.

मग ते घाटात घडलं. मी कोकणात बैल पोचवून एकटाच माघारी येत होतो. कोयनानगरच्या अलीकडं एका वळणावर जीप आडवी लावलेली होती. चौघांनी मला खाली ओढलं, उजवा खांदा मोडला, पैशांची पिशवी घेतली आणि गेले. त्या दिवशी, त्या वाटेनं, एकटा मी येणार हे फक्त भागीदाराला माहीत होतं. मिरजेच्या दवाखान्यात तो संत्री घेऊन आला. मी संत्र्यांची पिशवी भिंतीवर मारली. भागीदारी तिथंच मोडली. पोलिसांना कुणी सापडलं नाही. मला पुरावा नको होता. मला माणूस माहीत होता.

परवाना रीतसर काढला. जत्रेत, मिरवणुकीत हत्यार नेऊ नये अशी त्यात अट होती. जनावरांचा आठवडी बाजार ही काही जत्रा नव्हे, असा अर्थ मी लावला. अटीचा आपल्या सोयीचा अर्थ लावता येत नसेल त्यानं व्यापार करू नये.

पण बाजारात एक अडचण होती, ती माझ्या ध्यानात आली नव्हती. आमच्यात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात धरायचा आणि बोटांनी बोलायचं. कुठली बोटं धरली, कितींदा दाबली, त्यावरून आकडा ठरतो. भोवती पन्नास माणसं असली तरी दोघांनाच कळतं. त्यासाठी उजवा हात द्यावा लागतो. आणि हात धरायला समोरचा अगदी खेटून उभा राहतो, खांद्याला खांदा, मांडीला मांडी.

सांगलीच्या पूर्वेकडच्या एका बाजारात एका आबांची खोंडांची जोडी मनात भरली. पांढरीशुभ्र, शिंगं सुईसारखी, डोळ्यात आग. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला आणि हात पुढं केला. माझा उजवा हात खिशाशी होता. म्हातारा खेटला तर त्याला ते लागणार होतं. मी थोडा तिरका झालो, उजवी बाजू मागं घेतली आणि डावा हात टॉवेलाखाली घातला.

आबांनी विंचू चावल्यागत हात काढला.

"डावा हात? माझी जनावरं काय मढी हायती व्हय?"

"आबा, खांदा दुखतोय."

"खांदा दुखतोय तर घरी निजायचं. डाव्या हातानं सौदा करतोय गडी! ऐका रं ऐका!"

माणसं वळली. आणि त्या गर्दीतून तो पुढं आला. माझा भागीदार. आबांच्या बाजूनं हेडी म्हणून तोच उभा होता, म्हणजे सौदा जुळवून देणारा दलाल. मला आधी दिसला असता तर मी त्या जोडीकडं फिरकलोच नसतो. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. खिशाकडं बघितलं. मी परवाना काढलाय हे त्याच्या कानावर गेलेलं असणार. खांदा बरा होऊन किती दिवस झाले हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आबा, टावेल द्या हिकडं," तो म्हणाला. "ह्याच्या हाताची मला सवय हाय. मी बोलतो."

त्यानं टॉवेल टाकला आणि हात पुढं केला. सगळा बाजार बघत होता. नाही म्हटलं असतं तर उजव्या हाताला काय झालंय हे सगळ्यांना कळलं असतं. मी उजवा हात दिला.

त्यानं बोटं धरली नाहीत. पंजाच धरला, घट्ट. तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"माझ्यासाठी आणलंयस व्हय?"

"भाव बोल."

"मी न्हाई सांगितलं कुणाला. देवाशपथ."

"भाव बोल म्हणतोय ना."

वीस वर्षं मी लोकांचे हात वाचत आलोय. भाव पटला की माणसाची बोटं सैल पडतात, खोटं बोलताना अंगठा कडक होतो. त्याचा पंजा घामानं थबथबला होता आणि मनगटातली नाडी उडत होती. भ्याला होता. मी काय करावं? मी व्यापारी आहे. त्याच्या मुठीत अडकलेल्या बोटांनीच मी आकडा दाबला. लाज वाटावी असा आकडा, जोडीच्या किमतीच्या निम्माही नव्हता.

त्यानं लगेच होकार दाबला.

हा माणूस सख्ख्या मेव्हण्याला शंभर रुपये सोडायचा नाही. आणि आज त्यानं परक्याचे खोंड माझ्या पायावर टाकले. का? माझ्या बोटांना भिऊन नव्हे. खिशाला भिऊन. आणि निष्पाप माणूस इतका कशाला भिईल? माझ्या डोक्यात हेच घुमायला लागलं. पुरावा नको म्हणत होतो, तो माझ्या हातात आला होता, घामेजलेला. कानात शिट्टी वाजायला लागली. घाटात जीपच्या उजेडात पडलो होतो तेव्हाची. मी हात ओढला. त्यानं सोडला नाही.

"सोड."

"सोडला तर हात कुठं जाईल?"

"सोड म्हणतो."

"सांग आदी. कुठं जाईल?"

मला खरंच माहीत नव्हतं. डाव्या हातानं उजव्या खिशातलं निघत नाही. माझं सगळं आयुष्य त्या क्षणी त्याच्या मुठीत होतं, आणि त्याचं माझ्या.

तेवढ्यात आबांचा धीर संपला. "काय गूळ पाडताय काय रं आतमदी?" म्हणत त्यांनी टॉवेल ओढून घेतला. असं कुणी करत नाही. सौदा उघडा पाडणं म्हणजे चालू अंघोळीत दार उघडणं. पण आबांना कोण सांगणार? आम्ही दोघं भर बाजारात एकमेकांचा पंजा धरून, घामानं निथळत उभे.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, हे तर लगीन लागल्यागत उभारल्यात!"

"अक्षदा टाका रं कुणीतरी!"

"नवरी कुठली म्हणायची?"

बाजार खदखदून हसला. त्यानं पंजा सोडला. माझा हात खाली आला आणि खिशावर जाऊन बसला. आत गेला नाही, कापडावरच थांबला, पण बसला. हसणाऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्याला कळलं. तो जागचा हलला नाही, हात वर केले नाहीत, कुणाला हाक मारली नाही. माझ्या हाताकडं बघत उभा राहिला.

मला हसलेलं सहन होत नाही. कधीच झालेलं नाही. अंगठ्याखाली दस्ता लागत होता. एक खोंड फुरफुरला. आबा माझ्यापुढं येऊन ठाकले, त्याच्या आणि माझ्या बरोबर मध्ये. त्यांना काही दिसलं म्हणून नव्हे, त्यांना जोडी विकायची होती म्हणून.

"पावणं, काय ठरलं सांगा. आता समद्यांच्या म्होरं बोला."

भागीदारानं कबूल केलेला आकडा मी बोललो असतो तर बाजारानं त्याला जोड्यानं मारलं असतं, आणि जोडी माझी झाली असती. पण मी बोटांनी कमावलेला माणूस आहे. खिशानं मिळालेली जोडी मला दावणीला नको होती.

"काय ठरलं न्हाई," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव तोंडानं बोललो, मोठ्यानं. जोडीच्या किमतीचा रास्त भाव. आबा आणखी चढले. मी चढलो, मग अडलो. एवढी माणसं आणि तोंडानं घासाघीस! शेवटी आबांनी तळवा पुढं केला.

खिशावरचा हात काढल्याशिवाय त्यावर टाळी देता येत नव्हती. मी काढला आणि दिली.

भागीदार तेव्हाच वळला. पाठ माझ्याकडं करून तो जनावरांच्या रांगेतून चालत गेला, घाई न करता, एका म्हशीला वाट देत. एकदाही मागं बघितलं नाही. मी आबांचा हात धरून उभा होतो, आणि ती पाठ पाणपोईपलीकडं जाईतो मी तो सोडला नाही.

"पावणं, सोडा की आता," आबा म्हणाले. "बोटं मोडशीला."

बाजाराच्या दिवशी रिव्हॉल्वर आता कपाटात असतं. घाटातून जायचं असलं की खिशात. भागीदाराशी मी अजून बोलत नाही. पाठ दाखवून गेला म्हणून तो सुटला असं नाही. त्या पंजाला घाम का आला होता, हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.