बसलेली कपिला

त्या दुष्काळात माझी कपिला गोठ्यात बसली ती उठेचना. बसलेली गाय दोन-तीन दिवसांत उभी राहिली नाही तर हाती लागत नाही, हे आमच्या आष्टीकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी देव्हाऱ्यासमोर खंडोबाशी चक्क भांडलो. इतकी वर्षं रविवार धरला, त्याचं हेच फळ का?

माणसांना हाक मारायला तोंड नव्हतं. गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायचं काम माझ्याकडे, आणि त्याचा मला भारी तोरा. आठवड्यापूर्वीच शेजारच्या चंद्रभागाकाकूंचं दूध पातळ निघालं, तेव्हा "पाणी घातलंय" म्हणून मी ते भर रांगेत परत केलं होतं. काकू किटली उचलून घरी गेल्या.

एकट्यानं कपिलेला उचलायला गेलो आणि मीच शेणात आडवा झालो. मान वर केली तर दारात काकू उभ्या. मागे चार माणसं, दोन वासे, एक गोणपाट.

"काकू, त्या दुधाचं..."

"आदी गाय उठवू, बाबा. दुधाचं मंग बगू. तू शेपटाकडून धर."

पोटाखाली गोणपाट घालून, त्याला वासे लावून आम्ही तिला उचललं, पाय चोळले. मग दिवसातून तीनदा, पाळीपाळीनं माणसं येत राहिली. ज्यांच्याकडे वैरण होती ते पेंढी आणत, नव्हती ते नुसतेच येऊन हात लावत. पाचव्या सकाळी कपिला आपली आपण उभी राहिली. मी तिच्या गळ्यात पडून रडलो.

शेरभर दूध निघालं. सहज तपासलं, तर दुधाचा दाटपणा मोजायची काचेची नळी त्यात तशीच खोल बुडाली, जशी काकूंच्या दुधात बुडाली होती. नुसत्या वाळक्या कडब्यावर दूध पातळच होतं, आणि हे मलाच कळू नये! त्याच रांगेत जाऊन मी सगळ्यांसमोर काकूंची माफी मागितली.

काकू हसल्या. "मला ठाव हुतं. म्हनलं, तुजी गायच सांगंल तुला."

हा चमत्कार होता का, मला सांगता येत नाही. मी देवाला हट्टानं बोलावत होतो आणि ज्यांना दुखावलं होतं त्याच आल्या, एवढं खरं. आता भंडारा लावताना मी काही मागत नाही, फक्त हात जोडतो. गोठ्यात दोन वासे ठेवलेत. कुणाचं जनावर बसलं की मलाही हाक येते.