धावपट्टीचा धुरा

घोड्यांच्या शर्यतीचं ते प्रकरण आठवलं की आजही आधी माझीच मला लाज वाटते, मग हसू येतं.

मी तेव्हा अहमदपूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावच्या जत्रेत घोड्यांची शर्यत होई. मुरमाड धावपट्टीवर एखाद्या घोड्याचा पाय मोडे, आणि पाय मोडलेलं घोडं म्हणजे गेलेलंच. त्या वर्षी गावानं हट्टानं कृत्रिम धावपट्टी केली होती. वाळू, रबराचा भुगा आणि कापडाचे धागे मेणात घोळून अंथरलेले. टाप पडली की ती दबते, सांध्यांना हादरा बसत नाही. मात्र रोज सकाळी वखर फिरवून ती भुसभुशीत ठेवावी लागते. ते काम गावातल्याच एका शेतकऱ्याकडे होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळीच खबऱ्याचा फोन आला. "साहेब, भोकरच्या घोडीवर समद्यांचा भरवसा हाय, अन् सट्टेवाला तिच्यावरच भाव वाढवून देऊन राहिला. कायतरी गडबड हाय."

जिंकणाऱ्या घोडीवर वाढीव भाव कोण देतो? ती जिंकणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक असतं तो. त्या घोडीवर मालकाची एकोणीस वर्षांची लेक बसणार होती. भरधाव घोडी कोसळली तर घोडीचा पाय आणि पोरीची मान, दोन्हींचा घात होता.

सट्टेवाल्याला उचलला. असली माणसं मारापेक्षा मोठेपणासाठी लवकर बोलतात. मी म्हणालो, "हे तुझं डोकं नव्हे, तुला कुणीतरी पढवलंय." झालं, गडी फुगला.

"कोन पढवितो मला? म्या सराव बघितला की! आतल्या कडंला आली की घोडी पाय आखडती. अन् ती पोरगी तर वळणावर आतूनच काढती."

पहार घेऊन धावपट्टीवर गेलो. मध्ये पहार सहज रुतली. आतल्या कठड्यालगतच्या दीड हाताच्या पट्ट्यात मात्र ठण्णकन वाजली. तिथं वखर फिरलाच नव्हता. टापांनी दाबून दाबून दगड झाला होता.

वखरवाला विकला गेला, याबद्दल मला शंका उरली नाही. त्याला ठाण्यात आणून बसवला. "बऱ्या बोलानं सांग, कडेचा पट्टा कुणाच्या सांगण्यावरून सोडलास?"

तो साठीचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "तुमच्याच की, साहेब."

जबाब लिहिणाऱ्या हवालदारानं तेही लिहून घेतलं.

"कडंचा पट्टा म्हंजी धुराच की, शेताच्या बांधावानी. दोन वर्सामागं माझं अन् चुलतभावाचं भांडन झालतं, तवा ह्याच बाकड्यावर बसवून तुमी दम दिलता. पुन्हा धुऱ्याला वखर लावलास तर आत टाकीन म्हनलात. तवापास्नं म्या कोन्च्याच धुऱ्याला हात लावत न्हाई."

आमच्या ठाण्यातल्या निम्म्या तक्रारी धुऱ्याच्या. दोन शेतांमधल्या त्या बांधावर कुणाचं औत वीतभर सरकलं की काठ्या निघतात. तो दम मी इतक्या जणांना दिला होता की हा माणूस मला आठवतही नव्हता. त्यानं मात्र माझा शब्द पाळला होता. मी ओशाळलो. माफी मागायची आमच्या खात्यात सवय नसते. मी चहा मागवला.

"आता मीच सांगतो," म्हणालो, "ह्या धुऱ्याला वखर लाव."

"लिहून द्या," तो म्हणाला.

दिलं. सट्टेवाल्यावर जुगाराचा गुन्हा नोंदवला आणि उन्हं उतरायच्या आत वखरामागून पहार टोचत मी अख्खी धावपट्टी फिरलो.

दुसऱ्या दिवशी पोरीनं घोडी आतल्या कडेनंच काढली. दुसरी आली. बापानं नंबर विचारलाही नाही. धावत जाऊन खाली बसला आणि चारही पाय एकेक करून चाचपले. "समदं नीट हाय!" म्हणून ओरडला आणि रडायला लागला. माझेही डोळे भरले, उगाच कशाला लपवू.

संशय घेणं हे पोलिसाचं कामच. पण माणसाच्या चुकीत लाच शोधण्याआधी त्याची सवय शोधावी, आणि ती त्याला कुणी लावली हेही बघावं, एवढं मी त्या बाकड्याकडून शिकलो.

निवृत्तीनंतरही मी त्या जत्रेला जातो. तिथं त्यानंतर एकाही घोड्याचा पाय मोडलेला नाही. वखरवाला दरवर्षी माझा हात धरून मला आतल्या कडेनं चालवतो. पाय मऊ रुततो. "बघा साहेब, धुरा न्हाई ठेवला," म्हणतो, आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला माझा तो कागद काढून दाखवतो.