नऊ फुटी टॉवेल

"अर्धवट माल मोजायचा नाही. का, ते विचारायचं नाही." आमच्या पावरलूमच्या कारखान्यात हा आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, नियम. आता तुम्हीच सांगा, मी एम.कॉम. झालेली मुलगी. मी ऐकणार होते होय?

ऐकलं नाही, आणि जी काही फजिती झाली!

आबा महिन्याचा सगळा खर्च तयार टॉवेलांवर टाकायचे. मी म्हटलं, असं नसतं. मागच्या महिन्यात अर्धवट राहिलेल्या मालावरचा खर्च आणि या महिन्याचा खर्च एकत्र करायचा. टॉवेल सहाशे तयार. चारशे विणून कापलेले, पण ना कडा शिवलेल्या, ना धुतलेले. अर्धं काम झालंय, म्हणजे दोनशे टॉवेलांएवढं काम धरायचं. एकूण आठशेनं भागा, एका टॉवेलचा सरासरी खर्च हातात!

कारखान्यात ऑर्डरी घेणारे माझे काका चष्मा पुसत म्हणाले, "पण पोरी, हे दोनशे..."

"काका, कागदावर आठशे लिहिलंय ना? बस्स. का, ते विचारायचं नाही!"

काय रुबाब होता माझा! आबा म्हणाले, "ठीक. पण चुकलीस तर हिशेबाला परत हात लावायचा नाही."

"मंजूर!" म्हटलं, आणि मैत्रिणीच्या साखरपुड्याला खकनारला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी परतले तर दारात टेम्पो. काकांनी एका शेठना लग्नात वाटायला आठशे टॉवेल कबूल केलेले! कारखान्यात गेले, तर शिलाईवाल्या मावशी हसून हसून लाल.

"ताई, तुमचे दोनशे झाले बरं का!"

एक उचलला. उलगडला. उलगडतच राहिला. नऊ फूट!

"काका, हे काय?"

"चारशे अर्धे, म्हणजे दोनशे पूर्ण. तूच लिहिलंस. दोन-दोन जोडून शिवले."

"अहो, काम अर्धं होतं, टॉवेल अर्धा नव्हता! मला एक फोन करायचा ना!"

आबा शांतपणे म्हणाले, "विचारायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस."



काकांनी माल पाठवायचं चलान पुढे केलं. "आता कर सही. मोजून आठशे आहेत, तुझा कागद खरा ठरला. शेठना सांगू, नवी फॅशन आहे."

"नाही."

"अगं, हिशेब हातचा जाईल तुझा!" काका कळवळले.

"जाऊ दे. सही करणार नाही." तिथंच शेठना फोन लावला. "शेठ, सहाशेच तयार आहेत. बाकीचे उसवून, शिवून, धुवून चार दिवसांत देते. चूक माझी आहे."

काकांचं चलान हवेतच राहिलं. आबा मला खालून वर न्याहाळायला लागले. आमच्या कारखान्यात 'चूक माझी' म्हणणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मीही ऐटीत पाठ फिरवली आणि घाम पुसायला ढिगातला एक टॉवेल ओढला.

ओढतेय, ओढतेय... मेला संपेचना!